परक्याचा मजकूर, घरच्याचा आवाज

(संकेतस्थळांच्या प्लगइनमध्ये आढळणाऱ्या ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ ह्या दोषाचा परिचय आणि वर्गपाठाची दिशा)

१. पाठाचे प्रयोजन

प्राथमिक शिक्षकाचे कार्यक्षेत्र आता खडू व फळा ह्यांपुरते मर्यादित राहिलेले नाही. कित्येक शिक्षकबंधुभगिनी स्वतःची शैक्षणिक संकेतस्थळे चालवितात. त्यांवर स्वाध्याय, चाचण्या व शालेय उपक्रमांची माहिती ठेवितात. पालक ती वाचतात, मुले त्यांवर सराव करतात. अशा स्थळावर पालकांचा विश्वास बसतो तो शिक्षकाच्या नावामुळे. गुरुजींच्या पानावर जे आहे ते गुरुजींनीच सांगितले आहे, असे ते समजून चालतात.

हे समजणे ज्या दोषामुळे खोटे ठरू शकते, त्याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. ह्या दोषामुळे परक्याने लिहिलेला मजकूर आपल्या पानावर आपल्याच आवाजात आज्ञा देऊ लागतो. विषय तांत्रिक असला तरी त्याचे मूळ भाषेत आहे, आणि भाषा शिकविणाऱ्यास ते समजण्यास अडचण पडू नये.

२. दोषाचे मूळ

श्रुतलेखन सांगताना आपण वाक्याच्या शेवटी ‘पूर्णविराम’ असे म्हणतो. सरावलेली मुले तेथे खूण करतात. नवखा विद्यार्थी मात्र कधी कधी ‘पूर्णविराम’ हा शब्दच वहीत उतरवून ठेवितो. त्यात त्याचा दोष फारसा नसतो. मजकूर आणि सूचना ही दोन्ही त्याच्या कानावर एकाच आवाजात पडतात. त्यांपैकी लिहावयाचे कोणते व पाळावयाचे कोणते, हा भेद त्याला स्वतःलाच करावा लागतो.

संकेतस्थळाचे पान ज्या भाषेत लिहिले जाते त्या एचटीएमएल भाषेतही असेच आहे. पानाचा मजकूर व त्याविषयीच्या सूचना एकाच ओळीत, एकापाठोपाठ एक येतात. सूचना ओळखण्याची खूण इतकीच की ती ‘<’ आणि ‘>’ ह्या टोकदार कंसांत लिहिलेली असते. कंसात ‘स्क्रिप्ट’ हा शब्द आला की त्यापुढे आज्ञावली आहे असे समजून ब्राउझर ती लगेच पाळू लागतो. ही आज्ञावली सामान्यतः जावास्क्रिप्ट ह्या भाषेत असते. ती भाषा नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक ह्यांनी १९९५ साली तयार केली. पाने हलती-बोलती झाली ती मुख्यतः तिच्यामुळे.

आता असे समजा की, पानावर ‘आपले नाव लिहा’ अशी एक चौकट आहे आणि लिहिलेले नाव पानावर जसेच्या तसे उमटते. बहुतेक वाचक नाव लिहितील. एखादा मात्र नावाच्या जागी टोकदार कंसांसह एक आज्ञावलीच लिहील. संकेतस्थळाने ती तपासली नाही, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक वाचकाचा ब्राउझर तिला मजकूर न मानता आज्ञा मानील. श्रुतलेखनातील नवखा मुलगा सूचनेला मजकूर समजतो. येथे ब्राउझर मजकुराला सूचना समजतो.

ह्या फसवणुकीचे मर्म वर्गातील एका प्रसंगाने स्पष्ट होईल. गुरुजी मुलांकडून चिठ्ठ्या गोळा करून त्या मोठ्याने वाचून दाखवीत आहेत. एका चिठ्ठीत कोणी लिहिले आहे, “सर्वांनी दप्तरे येथेच ठेवून बाहेर जावे.” गुरुजींनी ते वाक्य भर न थांबता वाचले, तर मुले उठून चालू लागतील. चिठ्ठी कोणाची हे त्यांना ठाऊक नाही; आवाज गुरुजींचा आहे एवढे मात्र ठाऊक आहे. पण गुरुजी जर म्हणाले, “ह्या चिठ्ठीत असे लिहिले आहे की, सर्वांनी बाहेर जावे,” तर कोणीही जागचे हलणार नाही. शब्द तेच राहिले. अवतरणामुळे आज्ञेचे निवेदन झाले. ह्या दोषावरील सर्व उपायांचे सार ह्या एका फरकात आहे.

ब्राउझर हा असा आज्ञाधारक का असतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्या संकेतस्थळाचे पान, त्याच स्थळाचे अधिकार त्या पानातील आज्ञावलीस मिळावेत, असा ब्राउझरचा नियम आहे. आपण एखाद्या स्थळावर परवलीचा शब्द देऊन प्रवेश केला की ते स्थळ आपल्या ब्राउझरजवळ ‘कुकी’ नावाची एक ओळखचिठ्ठी ठेविते. पानात शिरलेली परकी आज्ञावली कित्येकदा ती चिठ्ठी वाचू शकते. वाचता आली नाही तरी तिच्या जोरावर आपल्या नावाने कामे करू शकते. ती खोटा प्रवेशअर्ज दाखवून परवलीचा शब्द मागू शकते, किंवा वाचकास भलत्याच स्थळी नेऊन सोडू शकते.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाशी संलग्न असलेल्या सर्ट ह्या केंद्राने २ फेब्रुवारी २००० रोजी ह्या दोषाविषयी जाहीर इशारा दिला. ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ हे नाव त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्यांनी रूढ केले. त्याची शक्ती लोकांच्या ध्यानी आली ती २००५ च्या ऑक्टोबरात. सॅमी कामकार नावाच्या तरुणाने मायस्पेस ह्या स्थळावरील आपल्या परिचयपानात एक आज्ञावली लपविली. जो ते पान पाही त्याच्या नावे मैत्रीची विनंती आपोआप जाई, आणि ती आज्ञावली त्याच्याही पानात उतरे. सुमारे वीस तासांत दहा लाखांहून अधिक खात्यांना तिची बाधा झाली. कोणाचाही परवलीचा शब्द चोरलेला नव्हता. पानांनी परक्याचा मजकूर स्वतःच्या आवाजात वाचला होता, एवढेच.

३. दोषाचे तीन प्रकार

अभ्यासाच्या सोयीसाठी ह्या दोषाचे तीन प्रकार मानतात.

पहिला, साठविलेला. परक्याची आज्ञावली संकेतस्थळाच्या संग्रहात जाऊन बसते व पान उघडणाऱ्या प्रत्येकास बाधते. शाळेच्या सूचनाफलकावर कोणी खोटी सूचना लावून जावी, तसा हा प्रकार.

दुसरा, परावर्तित. येथे आज्ञावली संग्रहात राहत नाही. ती दुव्याच्या पत्त्यातच दडविलेली असते. तो दुवा कोणी उघडला की संकेतस्थळ पत्त्यातील मजकूर पानावर उमटविते आणि आज्ञा अमलात येते. डोंगरापुढे उभे राहून हाक मारली की तीच हाक परत ऐकू यावी, तसा हा प्रकार. ह्यात दुवा पाठविणारा आणि त्यावर बोट ठेवणारा, असे दोघे लागतात.

तिसरा प्रकार ब्राउझरच्या आतच घडतो. मूळ पान निर्दोष येते. परंतु पानातील स्वतःचीच आज्ञावली पत्त्यातील मजकूर उचलून पानात घालते आणि त्याची छाननी करीत नाही. अशा वेळी संकेतस्थळ पाठविणाऱ्या संगणकास ह्या घटनेचा मागमूसही लागत नाही, असे होऊ शकते.

४. प्लगइन म्हणजे काय?

वर्डप्रेस ही संकेतस्थळे चालविण्याची चौकट २००३ साली मॅट मुलेनवेग व माइक लिटल ह्यांनी सुरू केली. ती विनामूल्य असून मराठीतही उपलब्ध आहे. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. २००४ साली तिच्यात प्लगइनची सोय झाली. प्लगइन म्हणजे मूळ चौकटीला जोडता येणारा तयार भाग: कोणी प्रश्नमंजूषेसाठी, कोणी छायाचित्रांसाठी, कोणी अभिप्राय घेण्यासाठी. असे हजारो भाग उपलब्ध आहेत. ते लिहिणाऱ्यांत मोठ्या कंपन्या आहेत, तसेच रात्री घरचे काम आटोपून विनामोबदला लिहिणारे एकटे लोकही आहेत.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास पाहिजे. प्लगइनला राहण्यासाठी वेगळी, बंद खोली नसते. एकदा जोडले की ते सर्व घरात वावरते. फुलांच्या सजावटीसाठी घेतलेल्या क्षुल्लक प्लगइनमध्ये हा दोष असेल, तर परक्यास मिळणारा अधिकार सजावटीपुरता राहत नाही. प्रशासक स्वतः प्रवेश केलेल्या स्थितीत असताना दूषित पान उघडील, तर ती आज्ञावली त्याच्या नावाने नवा प्रशासक निर्माण करू शकते. जे आपण लिहिलेले नाही, वाचलेलेही नाही, त्याची जबाबदारी आपल्या नावावर येते.

५. पाठ्यपुस्तकातील उणीव: २०१५ ची घटना

शिक्षकाने विशेष मनन करावे अशी घटना २० एप्रिल २०१५ रोजी उघडकीस आली. त्या दिवशी वर्डप्रेसच्या अनेक प्लगइनांच्या दुरुस्त आवृत्त्या एकाच वेळी प्रसिद्ध करण्यात आल्या. त्यांत जेटपॅक, योस्ट ह्यांचे वर्डप्रेस एसईओ, ग्रॅव्हिटी फॉर्म्स अशी लक्षावधी स्थळांवर असलेली नावे होती. वेगवेगळ्या देशांतील, एकमेकांशी संबंध नसलेल्या लेखकांनी हुबेहूब एकच चूक केली होती.

ती चूक अशी. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्यास एखादे पद जोडणारे व त्यातून पद काढून टाकणारे अशी दोन तयार साधने आहेत. पत्ता वेगळा दिला नाही, तर ती चालू पानाचाच पत्ता घेतात. आणि चालू पानाचा पत्ता तर दुवा पाठविणारा हवा तसा रचू शकतो. ही साधने पत्ता निर्धोक करून देतात असा प्लगइनलेखकांचा समज होता. वस्तुतः ती तसे करीत नव्हती. मिळालेला पत्ता पानावर उमटविण्यापूर्वी दुसऱ्या एका साधनाने शुद्ध करून घेणे लेखकाकडे होते. मात्र वर्डप्रेसच्या अधिकृत मार्गदर्शिकेत हे पुरेसे स्पष्ट लिहिलेले नव्हते.

दोष लक्षात आल्यावर सुकुरी ह्या सुरक्षासंस्थेने व इतरांनी लोकप्रियतेच्या क्रमाने पहिली तीनशे-चारशे प्लगइने तपासली. दोषाची वार्ता आधी बाहेर फुटली असती तर दुरुस्ती न झालेल्या स्थळांवर हल्ले झाले असते. म्हणून निरनिराळ्या लेखकांनी, त्यांत एकमेकांचे स्पर्धकही होते, गुप्तता पाळून एक दिवस ठरविला आणि दुरुस्त्या एकदम दिल्या.

ह्या घटनेतून मिळणारा बोध आपल्या व्यवसायाच्या अगदी जवळचा आहे. मार्गदर्शिकेतील एका न लिहिलेल्या वाक्याची किंमत जगभरच्या वाचकांना पडली. पाठ्यपुस्तकात एखादी पायरी गाळली गेली, तर सगळा वर्ग एकच चूक करतो, आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेत तीच चूक दिसली की तपासणाऱ्यास तीच रीत बरोबर वाटू लागते. अनेकांनी एकसारखे केले म्हणून ते खरे ठरत नाही.

६. आणखी तीन उदाहरणे

ह्यानंतर थोड्याच दिवसांत, मे २०१५ मध्ये, तिसऱ्या प्रकारच्या दोषाचे उदाहरण पुढे आले. जेनेरिकॉन्स नावाच्या चिन्हसंचात नमुना दाखविण्यासाठी एक पान ठेवलेले होते. त्याचा उपयोग संपला होता, पण ते कोणी काढले नव्हते. हा संच वर्डप्रेसच्या ‘ट्वेंटी फिफ्टीन’ ह्या मूळ सजावटीत व जेटपॅक प्लगइनमध्ये समाविष्ट असल्याने तो नमुनाही असंख्य स्थळांवर जाऊन पोहोचला होता, आणि दोष त्या नमुन्यातच होता. उपाय साधा होता: ते पान काढून टाकणे. ७ मे २०१५ रोजी आलेल्या वर्डप्रेसच्या ४.२.२ ह्या आवृत्तीने ते केले.

मार्च २०१९ मध्ये सोशल वॉरफेअर ह्या प्लगइनमध्ये साठविलेल्या प्रकारचा दोष निघाला. ते सत्तर हजारांहून अधिक स्थळांवर होते. त्यातील एका सोयीमुळे प्रवेश न केलेला परका मनुष्यही प्लगइनची मांडणी बदलू शके व तिच्यात आज्ञावली घालू शके. हल्लेखोरांनी वाचकांना फसव्या स्थळांकडे वळविण्यास आरंभ केला. २१ मार्च रोजी, म्हणजे दोष जाहीर झाला त्याच दिवशी, दुरुस्त आवृत्ती आली.

मे २०२३ मध्ये ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स ह्या, वीस लाखांहून अधिक स्थळांवरील प्लगइनमध्ये परावर्तित प्रकारचा दोष सापडला. २ मे रोजी तो लेखकांस कळविण्यात आला व ४ मे रोजी दुरुस्ती मिळाली. दोषाचा तपशील लोकांपुढे येताच चोवीस तासांच्या आत तो वापरून पाहण्याचे प्रयत्न सुरू झाल्याचे अकामाई ह्या कंपनीस आढळले. दुरुस्तीची वार्ता प्रामाणिक मनुष्यापर्यंत पोहोचते, तशी ती चोरापर्यंतही पोहोचते; दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यानंतर जो ती लावीत नाही तो आधीपेक्षा अधिक धोक्यात असतो.

७. उपाय

जे स्वतः आज्ञावली लिहितात त्यांच्यासाठी मुख्य नियम असा: बाहेरून आलेला कोणताही मजकूर पानावर ठेवताना त्यास अवतरणात घालावे. तांत्रिक भाषेत ह्यास ‘एस्केपिंग’ म्हणतात. टोकदार कंस, अवतरणचिन्ह इत्यादींच्या जागी ‘&’ ह्या चिन्हाने सुरू होणारे ठराविक संकेत लिहितात. ब्राउझर ते पाहून चिन्ह दाखवितो, परंतु त्याला आज्ञेचा कंस मानीत नाही. मजकूर पानात कोठे ठेवावयाचा आहे ह्यावर संकेताची रीत अवलंबून असते. साध्या परिच्छेदात, दुव्याच्या पत्त्यात आणि आज्ञावलीच्या आत अशा तीन ठिकाणी तीन निरनिराळ्या रीती लागतात. मजकूर येताना तपासावा हे खरे. पण पानावर ठेवतानाची काळजी त्यामुळे सुटत नाही.

जे केवळ संकेतस्थळ चालवितात त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) आवश्यक तेवढीच प्लगइने ठेवावीत. उपयोगात नसलेले प्लगइन नुसते बंद करून थांबू नये, तर पुसून टाकावे. बंद केलेल्या प्लगइनची पाने संगणकावर तशीच राहतात. जेनेरिकॉन्सचा विसरलेला नमुना येथे आठवावा.

(२) नवी आवृत्ती आली की ती विलंब न लावता घ्यावी. आपोआप दुरुस्ती घेण्याची सोय वर्डप्रेसमध्ये आहे, तिचा लाभ घ्यावा. तत्पूर्वी सर्व मजकुराची प्रत वेगळी राखलेली असावी.

(३) ज्या प्लगइनची दुरुस्ती फार दिवसांत झालेली नाही ते घेऊ नये. पैसे देऊन घ्यावयाचे प्लगइन आडमार्गाने फुकट मिळत असेल तर त्याच्या वाटेसही जाऊ नये.

(४) रोजचे लेखन ‘लेखक’ ह्या मर्यादित अधिकाराच्या खात्यातून करावे. प्रशासकाचे खाते दुरुस्तीपुरते उघडावे, काम होताच बंद करावे. त्या खात्यात असताना अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नये.

(५) पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्यामुळे वाटेतील चोरीस प्रतिबंध होतो. पानातच शिरलेल्या परक्या आज्ञेस होत नाही.

(६) मुलांची जन्मतारीख, पत्ता, आधार क्रमांक अशी माहिती संकेतस्थळावर मुळात ठेवूच नये. जे ठेवलेले नाही ते चोरीस जात नाही.

बाधा झाल्याचा संशय आला तर परवलीचे शब्द बदलावेत, ओळखीची नसलेली प्रशासकखाती शोधून काढावीत, आणि वरिष्ठांस त्वरित कळवावे. अशा घटनांची दखल घेण्यासाठी भारतात सर्ट-इन ही शासकीय संस्था २००४ पासून काम करीत आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. लाजेपोटी गोष्ट दडविण्याने आपली अब्रू राहत नाही. मात्र पान उघडणाऱ्या पालकांचे नुकसान चालूच राहते.

८. वर्गपाठ (इयत्ता सहावी व सातवी)

पूर्वतयारी: कागदाच्या पंधरावीस चिठ्ठ्या. संगणकाची आवश्यकता नाही.

कृती: वर्गातील एक विद्यार्थी ‘पान’ व इतर ‘ब्राउझर’ होतील. पान जे म्हणेल ते ब्राउझरांनी करावयाचे, असा नियम सांगावा. काही चिठ्ठ्यांवर नावे व काहींवर ‘टाळ्या वाजवा’, ‘डोळे मिटा’ अशा निरुपद्रवी आज्ञा लिहाव्यात. पहिल्या फेरीत पानाने चिठ्ठ्या जशाच्या तशा वाचाव्यात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक चिठ्ठीपूर्वी ‘येथे लिहिले आहे की’ हे शब्द जोडावेत. दोन्ही फेऱ्यांत काय फरक पडला, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. त्यानंतर फळ्यावर एक साधे वाक्य व एक अवतरणचिन्हांतील वाक्य लिहून अवतरणचिन्हांचा उपयोग समजावून द्यावा. अशा रीतीने भाषेचा तासही साधेल.

विचारावयाचे प्रश्न: चिठ्ठी कोणी लिहिली हे ब्राउझरांस का कळले नाही? त्यांनी आज्ञा का पाळली? चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याची, वाचणाऱ्याची की पाळणाऱ्यांची? शेवटच्या प्रश्नावर मुलांत मतभेद होऊ द्यावा. उत्तर घाईने सांगू नये.

सावधगिरी: दुसऱ्याच्या संकेतस्थळावर अशा आज्ञा लिहून पाहणे ही गंमत नव्हे. परवानगीवाचून असे करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अपराध ठरू शकते, हे मुलांना स्पष्ट सांगावे. दोष आढळल्यास तो स्थळाच्या मालकास कळविणे हाच सभ्य मार्ग आहे. २०१५ साली स्पर्धकांनीही तोच स्वीकारला होता, हे उदाहरण द्यावे.

ह्या पाठानंतर विद्यार्थी संगणकतज्ज्ञ होणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु ओळखीच्या आवाजात आलेले प्रत्येक वाक्य ओळखीच्या माणसाचे असतेच असे नाही, आणि पाळण्यापूर्वी ते कोणाचे आहे हे विचारण्यात उद्धटपणा नाही, एवढे त्यांच्या मनावर ठसले तरी शिक्षकाने आपला तास सार्थकी लागला असे समजावे. आपल्या संकेतस्थळाची प्लगइने ज्यांनी वर्षभरात पाहिली नसतील त्यांनी ती ह्याच आठवड्यात एकदा उघडून पाहावीत.